पनीरला तिसऱ्या दिवशी तार सुटते: फेज टाकून स्यूडोमोनास आवरेल का?

खारपाण_पनीर

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यात छोटं युनिट आहे. रोजचं दूध साधारण ८०० लिटर, निम्मं म्हशीचं, निम्मं गाईचं. बहुतेक पनीरला जातं, थोडं दह्याला. दूध ९० अंशांपर्यंत तापवतो, ७० ला आणून १ टक्का सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं फाडतो. मलमलच्या कापडात बांधून १५-२० मिनिटं प्रेस, मग ठोकळे गार पाण्याच्या टाकीत दोन-अडीच तास. टाकी २०० लिटरची, एका वेळी ४० किलो माल. नंतर कापून साध्या पिशवीत सील, आणि माल अमरावती-अकोल्याच्या दुकानांत.

हिवाळ्यात आठवडाभर टिकणारा माल मार्च लागला की तिसऱ्या दिवशी परत येतो. ठोकळ्यावर बुळबुळीत थर, बोट लावून उचललं की तार सुटते, वास अति पिकलेल्या फळासारखा. चव आंबट नाही, पिशवी फुगत नाही. तपासणीत स्यूडोमोनास नावाचा जिवाणू निघाला.

जिवाणू मारणाऱ्या विषाणूंबद्दल, म्हणजे फेजबद्दल, वाचलं. प्रश्न असे: फेज दुधात टाकायचा की टाकीत? किती? क्लोरीनसोबत चालतो का? आणि त्याच शेडमध्ये दही लागतं, तर विरजण मरणार नाही ना? आमच्याकडं बोअरचं पाणी खारं, म्हणून टाकीत आरओचं पाणी वापरतो. बर्फाच्या लाद्या बाहेरून येतात.

---

सूक्ष्मदर्शी

लक्षणं नेमकी लिहिलीत, त्यामुळं निदानाला फाटे फुटत नाहीत. आंबट असतं तर लॅक्टिक जिवाणू म्हटलं असतं, पिशवी फुगली असती तर कोलिफॉर्म किंवा यीस्ट. फळकट वास आणि बुळबुळ म्हणजे स्यूडोमोनासच, बहुधा त्याची फ्राजी ही जात, सोबत फ्लुओरेसन्स ही जातही असू शकते. किंग्ज बी माध्यमावर वाढवून अंधारात नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा. फ्लुओरेसन्सच्या वसाहती हिरवट-पिवळ्या चमकतात, फ्राजी चमकत नाही. २०१० मध्ये इटलीत मोझरेला निळी पडल्याचा गवगवा झाला होता, तोही फ्लुओरेसन्सचाच प्रताप.

दुधात फेज टाकायचा विचार सोडा. तुम्ही दूध ९० अंशांना नेता, तिथं स्यूडोमोनास तसाही मरतो, त्याच्यासाठी ७२ अंशांना १५ सेकंदही पुरतात. पनीरवरचा स्यूडोमोनास दुधातून आलेला नाही, तो तापवल्यानंतर कुठून तरी चढलाय. शिवाय कच्च्या दुधात फेज नीट चालतही नाही. स्टॅफिलोकोकसवरच्या फेज-के या फेजबाबत हे तपासलं गेलंय: कच्च्या दुधातली निवळीची प्रथिनं जिवाणूच्या अंगावर लपेटून बसतात आणि फेजला चिकटायला जागा राहत नाही. तेच दूध तापवून घेतलं की अडथळा बराच कमी होतो.

दुधाची एक गोष्ट मात्र विसरू नका. बीएमसीत (दूध गार ठेवायच्या बल्क कूलरमध्ये) दूध दोन-तीन दिवस साचलं आणि त्यात स्यूडोमोनास प्रतिमिली १० लाखांच्या वर गेला, की तो प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आणि लायपेज (चरबी तोडणारं) सोडतो. जिवाणू पाश्चरायझेशनला मरतो, पण हे एन्झाइम अल्ट्रा हीटला (यूएचटीच्या अतिउच्च तापमानाला) सुद्धा पूर्ण मरत नाहीत. असा माल कडवट किंवा खवट होतो, पण बुळबुळीत होत नाही आणि त्यात जिवाणूंची संख्याही कमी निघते. तेव्हा परत आलेल्या प्रत्येक लॉटच्या दोन पिशव्या बघा. कडू आहे आणि मोजणी कमी, तर दोष दुधाच्या थंडीत. बुळबुळीत आहे आणि मोजणी ग्रॅमला कोटीच्या घरात, तर दोष प्रेसच्या पुढं. पहिल्या प्रकारात जगातला कुठलाही फेज कामाचा नाही, कारण मारायला कोणी शिल्लकच नसतं.

आता फेजनं किती दिवस मिळतील ते कागदावर मांडू. बुळबुळ दिसायला ग्रॅममागं साधारण एक कोटी जिवाणू लागतात. पॅकिंगच्या वेळी ग्रॅमला १०० असतील, तर कोटीला पोचायला साडेसोळा वेळा दुप्पट व्हावं लागतं. ४-५ अंशांना एका दुपटीला ८ तास धरले तर साडेपाच दिवस. १० अंशांना ४ तास धरले तर पावणेतीन दिवस. तुमचा हिवाळा आणि तुमचा मार्च, दोन्ही या हिशेबात जवळपास बसतात. फेजनं ९९ टक्के जिवाणू मारले, तर साडेसहा दुपटी मागं ढकलल्या. म्हणजे १० अंशांच्या मालाला एक दिवस जास्त आणि ५ अंशांच्या मालाला दोन दिवसांहून थोडं अधिक. थंडी नसेल तर फेज एका दिवसाचा सौदा आहे. आधी दुकानातल्या फ्रिजचं तापमान मोजा.

---

बीएमसी_जी

सूक्ष्मदर्शी भाऊ बरोबर सांगून राहिले. मी टाकीचं बोलतो, कारण घोळ तिथंच दिसते मले.

२०० लिटर पाणी ४ अंशांचं भरलं आणि त्यात ६५ अंशांचे ४० किलो ठोकळे टाकले, तर पाणी किती अंशांवर जाईल? पनीरची उष्णता पाण्याच्या सत्तर टक्के धरा. हिशेब साडेअकरा अंशांवर येतो. म्हणजे सकाळी ४ लिहिलेलं पाणी माल पडल्यावर ११-१२ ला बसते, आणि ठोकळ्याचा गाभा त्याहून गरम. ते परत ४ वर आणायला २० किलो बर्फ लागते. तो बर्फ बाहेरच्या लाद्यांचा असेल तर त्यातलं सगळं पनीरवर. लाद्या बनवायचं पाणी पिण्याचं असतेच असं नाही, आणि पोत्यात, भुशात लोळून येते ते वेगळंच. जाड पिशव्यांत पिण्याचं पाणी भरून डीप फ्रिजरला गोठवा, तोंडं सील करा, बाहेरून धुऊन टाकीत सोडा. गारवा मिळते, पाणी मिसळत नाही.

दुसरी गोष्ट आरओची. आरओला पाणी जाते त्याच्या आधी कार्बन फिल्टर क्लोरीन काढून घेते. मग ते बिनक्लोरीनचं पाणी प्लास्टिकच्या टाकीत पडून राहते, छपराखाली, एप्रिलमध्ये कोमट. स्यूडोमोनासला याहून बरी जागा नाही, त्याले खायला नावापुरतं लागते. आरओच्या साठवण टाकीचं पाणी आणि तोटीचं पाणी वेगवेगळं तपासा. टाकीतल्या भिंतीवरून हात फिरवा. गुळगुळीत लागलं तर समजून घ्या.

टाक्या धुवायला हायपोक्लोराईट १०० पीपीएम. २०० लिटरला २० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १० टक्केवाल्या द्रावणाचे २०० मिली, ४ टक्केवाल्याचे ५००. आधी घासून चरबी काढा, नाहीतर क्लोरीन चरबीतच संपते. २० मिनिटं ठेवून सोडून द्या, साध्या पाण्यानं खंगाळा. कॅन सावलीत ठेवा. ४५ अंशांत हायपोचा दम महिन्याभरात निघून जाते आणि लेबलवर १० च लिहिलेलं राहते. आणि हायपो व ॲसिड एकत्र होऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघते. सीआयपीला (यंत्र न उघडता आतून धुवायला) कॉस्टिक १ टक्का, ७०-७५ अंश, १५-२० मिनिटं. खारपाणाच्या (खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या) क्षारांमुळं दुधाचा दगड, म्हणजे भांड्यावरचा कडक थर, लवकर धरते, तेव्हा नायट्रिक ०.५ ते ०.७ टक्का, ६०-६५ अंशांना, आठवड्यातून दोनदा तरी. दगडाच्या भेगेत बसलेल्या जिवाणूपर्यंत ना क्लोरीन पोचते, ना तुमचा फेज.

कापड: धुण्याच्या सोड्याच्या १ टक्का पाण्यात १५ मिनिटं उकळा, खंगाळा, कडक उन्हात वाळवा. दोन जोड ठेवा. ओलं कापड रात्रभर बादलीत गोळा करून ठेवणं बंद.

हे करून पाहा. फेज-बिज मंग.

---

विरजण_आर्वी

दह्याचा प्रश्न वेगळा घेतो, कारण त्यात लोकांचा बराच गोंधळ होतो.

स्यूडोमोनासचा फेज विरजणाला हात लावत नाही. फेज जिवाणूच्या अंगावरची ठरावीक खूण पकडूनच आत शिरतो. स्यूडोमोनासच्या बाहेरच्या आवरणावरचं लिपोपॉलिसॅकराईड, शेपटी किंवा बारीक केसासारखी पिली, अशा त्या खुणा. विरजणातला लॅक्टोकोकस ग्रॅम-पॉझिटिव्ह, त्याच्याकडं यातलं लिपोपॉलिसॅकराईड नाहीच. कित्येकदा तर एका फेजला स्यूडोमोनासच्या दहा वाणांतले दोन-तीनच चालतात.

पण डेअरीवाल्याला फेज हा शब्द आधी शत्रू म्हणूनच माहीत असायला हवा. लॅक्टोकोकसचे स्वतःचे फेज (९३६, सी२ आणि पी३३५ हे नेहमीचे गट) दह्याच्या शेडमध्ये जवळपास सगळीकडं असतात. ४-५ तासांत लागणारं दही १० तासांनंतरही पातळ राहतं, आम्लता ०.३-०.४ टक्क्यावर येऊन अडकते, नवं विरजण आणलं की चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. अशा वेळी लोक दुधाला दोष देतात. ७२ अंश १५ सेकंदांत हे फेज मरत नाहीत; काही तर ९० अंशांनाही मिनिटांमागून मिनिटं काढतात.

तुमच्या मांडणीत धोका पनीरच्या निवळीचा नाही, दह्याच्या निवळीचा आहे. ती सांडली, पायानं पसरली, पाण्याच्या फवाऱ्यानं उडाली की बारीक थेंबांबरोबर फेज शेडभर. विरजणाचं दूध ९० अंशांना अर्धा तास ठेवा, झाकण लावून गार करा, विरजणाची खोली वेगळी ठेवा, आणि वेगवेगळ्या फेजना बळी पडणारी दोन-तीन विरजणं आलटून-पालटून वापरा. निर्जंतुकीकरणाला हायपो २०० पीपीएम किंवा परॲसिटिक ॲसिड. क्वाटर्नरी अमोनियमवर भिस्त ठेवू नका, फेजवर ते कमजोर पडतं.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. कुणी डेअरीच्या नालीतून फेज काढून पनीरला लावायचं म्हणेल, तर त्या नालीत लॅक्टोकोकसचे फेज ठासून भरलेले असतात. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जिवाणू अडतात, फेज सगळेच खाली उतरतात, हवे तेही आणि नको तेही. तसं पाणी शेडमध्ये फिरलं तर पनीर वाचायच्या आधी दही जाईल.

---

खारपाण_पनीर

खूप आभार. टाकीच्या पाण्याचं तापमान माल पडल्यावर कधी मोजत नव्हतो, ते सुरू करतो. आरओच्या टाकीचा नमुनाही देतो. तरी एक विचारतो: हे सगळं नीट झालं, तर वरून फेज घालण्यात अर्थ आहे का? असेल तर मात्रा किती?

---

सूक्ष्मदर्शी

हो, आणि जागा एकच: गार पाण्याची टाकी. तिथं चरबी कमी, दुधाची प्रथिनं कमी, वेळ अडीच तास, आणि जिवाणू पाण्यात मोकळे तरंगतात. एकदा ठोकळ्याच्या छिद्रात जाऊन बसले की फेज त्यांच्यापर्यंत पोचणं कठीण, कारण फेजला पोहता येत नाही. धक्क्याधक्क्यानं जिथं जाईल तिथं.

मात्रेत सगळ्यांत मोठी गफलत ही होते: 'जिवाणूमागं दहा फेज' असं प्रमाण धरतात. जिवाणू मिलीला हजारच असतील, तर त्या हिशेबानं फेज मिलीला दहा हजार लागतात. पण इतक्या विरळ पाण्यात दोघांची गाठ पडायची कशी? गाठ पडण्याचा वेग फेजच्या दाटीवर ठरतो, प्रमाणावर नाही. चिकटण्याचा स्थिरांक मिनिटाला १० चा उणे ९ वा घात मिली धरा. पाण्यात मिलीला १० कोटी फेज असतील, तर दर मिनिटाला उरलेल्यांतले सुमारे १० टक्के जिवाणू पकडले जातात, आणि ९९ टक्के पकडायला ४५ मिनिटं लागतात. फेज मिलीला १० लाख असतील, तर त्याच कामाला तीन दिवसांहून जास्त. गार पाण्यात स्थिरांक आणखी खाली येतो. म्हणून मिलीला १० कोटीच्या खाली जाऊ नये. मिलीला १००० कोटी फेजचं साठा-द्रावण असेल तर २०० लिटरला २ लिटर.

'फेज स्वतःच वाढतो, थोडा टाकला तरी चालेल' हे ४ अंशांना विसरा. फेज वाढतो तो जिवाणूच्या यंत्रणेवर, आणि थंडीत जिवाणूच मंद. टाकला तेवढाच फेज कामाचा, असं धरून चाला.

तुमच्या बाबतीत आरओनं एक अडचण आणली आहे. बऱ्याच फेजना चिकटायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागतं, आणि आरओच्या पाण्यात ते उरत नाही. लॅक्टोकोकसच्या फेजना रोखायला विरजणाच्या माध्यमात फॉस्फेट घालून कॅल्शियम बांधून ठेवतात, तेच तत्त्व इथं उलटं लागू होतं. २०० लिटरला कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट ३० ग्रॅम घातलं की १ मिलीमोलर होतं, तेवढं पुरतं. खारेपणाची भीती नको, प्रयोगशाळेत फेज साठवायच्या द्रावणातच लिटरला ५.८ ग्रॅम मीठ असतं.

क्लोरीन आणि फेज एका टाकीत नाही. टाकी हायपोनं धुवा, पूर्ण खंगाळा, मग फेजचं पाणी भरा. माल काढल्यावर ते पाणी फेकून पुन्हा हायपो. तेच पाणी दुसऱ्या दिवशी वापरणं सगळ्यांत वाईट, त्याचं कारण आकड्यांतच आहे. २०० लिटरमध्ये मिलीला हजार म्हणजे एकूण २० कोटी जिवाणू. एका फेजला दाद न देणारा उत्परिवर्तित जिवाणू १० लाखांत एक ते १० कोटींत एक असतो. म्हणजे पहिल्याच दिवशी टाकीत असे दोन ते दोनशे असतातच. पाणी ठेवलंत तर उद्या तेच टाकी भरतील. वेगवेगळ्या खुणा पकडणारे तीन-चार फेज एकत्र असतील, तर सगळ्यांना एकदम चकवणारा सापडणं जवळजवळ अशक्य.

---

पुसदचा_पोरगा

वरूड-पुसदच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजला शिकतो. प्रकल्पासाठी हाच विषय घ्यायचा विचार आहे. फेज मिळवायचा आणि मोजायचा कसा, कुणी पायरीनं सांगेल का? सर म्हणतात नालीच्या पाण्यापासून सुरू कर.

---

पेट्रीडिश

सर बरोबर सांगतायत, फक्त नालीतून निघालेलं काहीही पनीरवर जाणार नाही, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आधी जिवाणू, मग फेज. वेगवेगळ्या लॉटच्या बिघडलेल्या पनीरमधून २०-३० वसाहती वेगळ्या कर. किंग्ज बी घरी बनवता येतं: लिटरला प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल १० मिली, डायपोटॅशियम फॉस्फेट १.५, मॅग्नेशियम सल्फेट १.५, अगार १५. वाढवायचं २५ अंशांना, ३७ ला नाही. या जातींना ३७ मानवत नाही आणि लोक 'जिवाणू निघालाच नाही' म्हणून मोकळे होतात.

नालीचं पाणी १०० मिली घे, गाळ बसू दे, सेंट्रिफ्यूज कर, आधी ०.४५ आणि मग ०.२२ च्या गाळणीतून काढ. एकदम ०.२२ लावलीस तर दोन मिनिटांत तुंबेल. गाळलेलं १० मिली, दुप्पट ताकदीचा ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं पातळ माध्यम) १० मिली, रात्रभर वाढवलेला जिवाणू १ मिली, कॅल्शियम क्लोराईड १-२ मिलीमोलर. २५ अंशांना हलवत २४ तास. मग १०,००० जी ला १० मिनिटं फिरवून पुन्हा ०.२२.

जिवाणूच्या थरावर १० मायक्रोलिटरचा ठिपका दे. ठिपका स्वच्छ झाला म्हणून नाचू नकोस. स्यूडोमोनासचे वाण एकमेकांना मारणारी प्रथिनंही सोडतात, त्यांचाही ठिपका असाच दिसतो. दसपट-दसपट पातळ करत जा. फेज असेल तर शेवटी सुटी गोल छिद्रं दिसतील, ती म्हणजे प्लाक. प्रथिन असेल तर ठिपका नुसता फिका होत जाईल, सुटं छिद्र येणार नाही.

मोजणी दुहेरी थरानं. खाली १.५ टक्का अगार. वर ०.५ टक्क्याचा मऊ अगार ३-४ मिली, ४५-४७ अंशांना धरलेला, त्यात पातळ केलेला फेज ०.१ मिली आणि जिवाणू ०.१-०.२ मिली. मिसळून लगेच ओत. अगार ५० च्या वर असेल तर जिवाणू भाजतो, ४२ च्या खाली गेला तर गुठळ्या. ३० ते ३०० प्लाकची प्लेट मोज. उदाहरण: दहा लाख पट पातळ केलेल्याच्या ०.१ मिलीला ८६ प्लाक आले, तर मूळ द्रावणात मिलीला ८६ कोटी.

एकच प्लाक टोचून उचल आणि पुन्हा पसर, असं तीनदा. विरजण_आर्वी यांनी सांगितलेले नको ते फेज इथंच गळतात. धूसर प्लाक बाजूला ठेव. तो बहुधा जिवाणूच्या जनुकांत लपून बसणारा, लायसोजेनिक फेज असतो. तसा अन्नात चालत नाही, कारण तो एका जिवाणूची जनुकं दुसऱ्यात नेऊ शकतो. स्वच्छ प्लाक म्हणजे शंभर टक्के खात्री, असंही नाही. शेवटी जनुकक्रम काढून त्यात इंटिग्रेज (फेजला जिवाणूच्या जनुकांत घुसवणारं एन्झाइम), विष किंवा प्रतिजैविक-प्रतिरोधाचं जनुक नाही हे बघावंच लागतं.

मग प्रत्येक फेज तुझ्या सगळ्या वसाहतींवर तपास, आणि हीच तपासणी ७ अंशांना पुन्हा कर. प्लेटला आठवडा लागेल. २५ ला मस्त चालणारे काही फेज ७ ला प्लाक देतच नाहीत, आणि पनीर २५ ला ठेवायचं नाहीये.

आता असा सापळा सांगते ज्यात छापलेले आकडेसुद्धा फसतात. फेज लावलेल्या पाण्यातून नमुना घेऊन प्लेटवर पसरलास, तर सोबत आलेला फेज प्लेटवरही मारत राहतो आणि मोजणी खोटी कमी येते. नमुना फिरवून वरचं पाणी टाक, जिवाणू बफरमध्ये धू, पुन्हा फिरव, दोनदा, आणि मगच पसर. तुलनेला नुसता बफर घातलेली टाकी हवीच.

---

खारपाण_पनीर

ताई, हेच गाळलेलं द्रावण थेट टाकीत का नाही? जिवाणू तर ०.२२ ला अडले.

---

पेट्रीडिश

जिवाणू अडले, त्याचा माल नाही अडला. फेज वाढवायला तुम्ही कोट्यवधी स्यूडोमोनास फोडता. त्यांचा प्रोटिएज, लायपेज आणि आवरणातलं एंडोटॉक्सिन गाळणीतून सरळ खाली येतं. वर ब्रॉथचं पेप्टोन, म्हणजे उरलेल्या जिवाणूंना खुराक. कच्चा लायसेट (फुटलेल्या जिवाणूंचं हे गाळलेलं द्रावण) २ लिटर टाकीत ओतला, तर कडवटपणा आपल्या हातानं घातल्यासारखं होईल. शुद्ध करायला १ मोलर मीठ आणि १० टक्के पीईजी-८००० घालून रात्रभर ४ अंशांना ठेवतात, फेज खाली बसतो, मग धुऊन बफरमध्ये घेतात. एंडोटॉक्सिन त्यानंही पूर्ण जात नाही, त्याला शुद्धीकरणाचा वेगळा स्तंभ (कॉलम) लागतो. हे शेडचं काम नव्हे.

---

परवाना_नोंद

कायद्याचं थोडक्यात. अन्नात फेज वापरायला अमेरिकेत २००६ मध्ये परवानगी सुरू झाली. लिस्टेरियावरचा लिस्टेक्स पी१०० हा फेज त्याच सुमारास चीजसाठी मान्य झाला. नावारूपाला आलेली उत्पादनं लिस्टेरिया, साल्मोनेला, ई. कोलाय या रोगजंतूंवरची आहेत. ती तुमच्या टाकीत ओतली तर स्यूडोमोनासला ढिम्म फरक पडणार नाही, तेव्हा 'फेज' असं लेबल बघून काही मागवू नका. आपल्याकडं नव्या प्रोसेसिंग एडसाठी (प्रक्रियेत वापरायच्या सहायक पदार्थासाठी) एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे नियम आहेत (नॉन-स्पेसिफाइड फूड), आणि विक्रीच्या मालात काही घालण्याआधी त्यातून पूर्वमान्यता लागते. चाचणी करायची तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि चाचणीचा माल नष्ट करायचा, दुकानात नाही, घरच्या ताटातही नाही. नागपूरच्या माफसूकडं (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं) विचारणा करता येईल; पुसदच्या पोराचं कॉलेजही त्यांचंच.

---

बीएमसी_जी

मान्यता येईल तेव्हा येईल, तवर पाण्यात बुडवणंच टाळा न जी. प्रेसमधून काढलेला ठोकळा स्वच्छ सुरीनं कापा, जाड पाउचमध्ये व्हॅक्यूम करा आणि पाउच गार पाण्यात सोडा. पाणी पनीरले लागतच नाही. स्यूडोमोनासले हवा लागते, व्हॅक्यूममध्ये त्याचा जोर मोडते. पाणी शोषलं जात नाही म्हणून वजन थोडं कमी भरेल, ते दरात धरा.

फक्त गरम ठोकळा पाउचमध्ये गेला की आत वाफेचं पाणी जमते आणि सीलवर चरबी लागते, सील सुटते. तेव्हा ४०-४५ अंशांपर्यंत स्वच्छ जाळीवर, झाकून, उतरू द्या. अर्ध्या तासाच्या वर नको. सील करायच्या जागी पाउचचं तोंड बाहेर दुमडून भरा, म्हणजे ओठ कोरडे राहतात. दर तासाला एक पाउच पाण्यात दाबून बुडबुडे येतात का बघा. आणि व्हॅक्यूममध्ये टिकलेला माल दहाव्या दिवशी आंबट लागला तर घाबरू नका, तो स्यूडोमोनास नाही, लॅक्टिकवाले आहेत. मंग सुरी आणि जाळी तपासा.